आधी ‘जितकं–तितकं’, मग क्ष आणि य

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: आठवीत तुमची लेकरं ३क्ष + ५ = २० चटकन सोडवतात. पण नववीत फळ्यावर य = २क्ष + ३ लिहिलं की हात वर करून विचारतात, “सर, पण क्ष किती?” आलेख काढायला सांगितला तर तीन बिंदू घेतात, पट्टीनं जोडतात, गुणही मिळवतात, ती रेघ काय सांगते ते मात्र एकालाही सांगता येत नाही. आणि ‘फलन’ (function, एका संख्येवरून दुसरी ठरवणारा नियम) ही कल्पना या वयात द्यावी का, द्यायची तर कशी, हेही तुम्ही विचारलंय.

मी परभणी जिल्ह्यात चोवीस वर्षं सहावी ते दहावीला गणित शिकवते. “क्ष किती?” हा प्रश्न मलाही दरवर्षी येतो. तो चुकीचा नाही. लेकरं तो आपल्याकडूनच शिकली आहेत. सहावीपासून आपण त्यांना सांगत आलो की अक्षर म्हणजे लपलेली संख्या, ती हुडकून काढायची. दोन-तीन वर्षं हुडकायला लावलं आणि मग एका सकाळी म्हणालो की आता क्ष कितीही असू शकतो. लेकरांनी गोंधळायचं नाही तर काय करायचं? म्हणून माझ्या मते तुमची अडचण आलेखाची नाहीच, अक्षराची आहे. लेकरांनी ‘शोधायची संख्या’ पाहिली आहे, ‘बदलणारी संख्या’ पाहिलेली नाही. ती आठवीतच दाखवावी लागते, आणि सूत्राच्या आधी दाखवावी लागते.

मी पुढे जे सांगते ते सगळीकडे जसंच्या तसं चालेल असं नाही. वर्गात पंचवीस लेकरं असली तर एक रीत, सत्तर असली तर दुसरी. परीक्षा तीन आठवड्यांवर आली असेल तर यातलं काहीही नव्यानं सुरू करू नका, आहे त्या पद्धतीनं सराव पुरा करून घ्या. पण दिवाळीच्या आधीचे दिवस हातात असतील तर आठ-दहा तास यावर खर्च करा. ते पुढे दहावीपर्यंत पुरतात.

आधी एक तपासणी करा, पाच मिनिटांची. फळ्यावर लिहा: ८ + ४ = ▢ + ५. चौकटीत काय येईल? माझ्या अनुभवात आठवीतसुद्धा बरीच लेकरं १२ लिहितात, काही १७ लिहितात. ७ लिहिणारी थोडी असतात. १२ लिहिणाऱ्या लेकरासाठी ‘बरोबर’चं चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिही’ अशी सूचना आहे. दोन्हीकडे सारखंच आहे, हा अर्थ त्याच्यापर्यंत पोचलेलाच नाही. असं लेकरू समीकरण सोडवतं ते ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ या मंत्रावर. मग ३क्ष = १२ दिलं की ते क्ष = १२ – ३ = ९ करतं. मंत्राच्या हिशेबानं त्यानं काहीच चूक केलेली नसते: तीन पलीकडे गेला, चिन्ह बदललं.

म्हणून मी तो मंत्र पहिले दोन महिने वर्गात येऊच देत नाही. ट्यूशनमधून कुणी आणला तरी विचारते, “दोन्ही पारड्यांतून काय काढलंस?” किराणा दुकानातला तराजू सगळ्यांनी पाहिलेला असतो. तीन सारख्या पिशव्या आणि पाच किलोचं वजन एका पारड्यात, वीस किलो दुसऱ्यात. दोन्हीकडून पाच काढले, मग दोन्हीकडचे तीन सारखे वाटे केले. ‘दोन्हीकडून’ हा शब्द लेकराच्या तोंडात बसला की वरची १२ – ३ ची चूक आपोआप कमी होते. तराजूची मर्यादाही ठाऊक असू द्या: क्ष + ५ = ३ तराजूवर मांडता येत नाही, कारण उणे दोन किलोची पिशवी नसते. तिथे तराजू सोडून उधारीच्या वहीवर यावं. तिथे ऋण संख्या लेकरांना अजिबात परकी वाटत नाही.

आता मुख्य गोष्ट. माझ्याकडे एक तेलाचा डबा आहे, पंधरा किलोचा, चौकोनी. एक लिटरची पाण्याची बाटली आणि तीस सेंटिमीटरची पट्टी. एवढ्यावर माझे तीन तास चालतात. डब्यात आधीच थोडं पाणी ओतून ठेवते, आमच्या वेळी ते ४ सेंटिमीटर होतं. मग एकेक लेकरू येऊन एक बाटली ओततं आणि पट्टी उभी धरून उंची मोजतं. फळ्यावर दोनच रकाने: बाटल्या आणि उंची. ०ला ४, १ला ५.८, २ला ७.७, ३ला ९.४, ४ला ११.२. इथे थांबवते आणि विचारते, पाचव्या बाटलीनंतर किती? हात भराभर वर होतात. कुणी १३ म्हणतं, कुणी १३.१. ओतून पाहायचं. मग विचारते, दहाव्या बाटलीला किती? आता मात्र एकेक मिळवत बसायचा कंटाळा येतो, आणि मला नेमका तोच कंटाळा हवा असतो. एक मुलगी पुटपुटली होती, “दहा वेळा एक पॉइंट आठ, अन् पहिले चार.” मी तिला तेच फळ्यावर शब्दांत लिहायला लावलं. अजून क्ष कुठेच नव्हता.

बादली घेऊ नका, हे मुद्दाम सांगते. मी पहिल्या वर्षी बादलीच घेतली होती. बादली वर रुंद होत जाते, त्यामुळे प्रत्येक बाटलीला उंची कमी-कमी वाढते आणि रेघ वाकते. ते पुढे कामाला येतं, पण पहिल्या दिवशी नको. तेलाच्या डब्याचा तळ साधारण साडेतेवीस बाय साडेतेवीस सेंटिमीटर असतो, म्हणजे एक लिटर पाण्यानं उंची सुमारे १.८ सेंटिमीटर वाढते. आकडा हाताला सोपा आणि पट्टीवर दिसण्याजोगा. मोजण्यात एखाद्या मिलिमीटरची चूक होणारच. ७.७ आलं तर ७.६ करून घेऊ नका. बिंदू किंचित इकडेतिकडे पडले तरी रेघ एकच दिसते, हे लेकरांनी स्वतः पाहिलेलं बरं.

तक्ता झाल्यावर आलेख. आणि आलेखानंतर, सगळ्यात शेवटी, सूत्र: य = १.८क्ष + ४. या क्रमानं गेलात तर सूत्र हे लेकरांच्या बोलण्याचं लघुलेखन होतं. उलट क्रमानं गेलात तर ते आकाशातून पडलेलं वाटतं.

मग मी प्रश्न उलटा करते. डबा ३४ सेंटिमीटर उंच आहे, काठोकाठ भरायला किती बाटल्या? १.८क्ष + ४ = ३४. बघा, आठवीतलं एकचल समीकरण इथे स्वतःच्या पायानं चालत आलं. य बदलता होता, आपण त्याला एका जागी धरला आणि विचारलं, आता क्ष किती? उत्तर १६ आणि १७ च्या मधे येतं, म्हणजे सतरावी बाटली सांडते. “सर, क्ष किती?” या तुमच्या लेकरांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. नियम एक, आणि समीकरण म्हणजे त्या नियमाला विचारलेला एकेक प्रश्न. य सांगितला तर क्ष सांगता येतो. काहीच सांगितलं नाही तर दोघं मिळून बदलत राहतात. हे वाक्य मी वर्गात पन्नासदा तरी म्हणते.

यानंतर कोणतंही उदाहरण आलं की लेकरांनी दोनच प्रश्न विचारायचे: सुरुवातीला किती? आणि दर एकाला किती? पहिल्याचं उत्तर म्हणजे रेघ य-अक्षाला जिथे छेदते ती जागा. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे क्षचा सहगुणक, ज्याला पुढे दहावीच्या भूमितीत ‘चढ’ म्हणतात. आठवीत मी ‘दर’च म्हणते, कारण दर हा शब्द मोंढ्यात (शेतमालाच्या पेठेत), गिरणीत, बाजारात त्यांच्या कानावर रोज पडतो.

इथे एक खड्डा आहे. आठवीच्याच पुस्तकात चलनाचा धडा आहे, समचलन आणि व्यस्तचलन. तो शिकल्यावर लेकरांना वाटतं, एक दुप्पट झालं की दुसरं दुप्पट झालंच पाहिजे. डब्याचा तक्ता दाखवून विचारा: चार बाटल्यांना ११.२, मग आठ बाटल्यांना किती? निम्मा वर्ग २२.४ म्हणतो. ओतून पाहिलं तर १८.४ च्या आसपास येतं. कुठे गेले चार? ते सुरुवातीचे चार होते, ते दुप्पट झालेच नाहीत. कापूस वेचणीची मजुरी किलोवर असते, शून्य किलोला शून्य रुपये. तिथे दुप्पट चालतं आणि रेघ आरंभबिंदूतून जाते. डब्यात पाणी आधीच होतं म्हणून तिथे चालत नाही. समचलन ही रेषीय नियमाची, म्हणजे आलेखात सरळ रेघ देणाऱ्या नियमाची, एक खास जात आहे, सुरुवात शून्य असलेली. हे नातं पुस्तकात दोन वेगळ्या धड्यांत विखुरलेलं आहे, ते आपणच जोडून द्यावं लागतं.

सुरुवात ऋण असली तर? सोयाबीन मोंढ्यावर नेण्याचं उदाहरण घ्या. वर्गासाठी आकडे सोपे धरा: भाव क्विंटलला ४५०० रुपये, टेम्पोचं भाडं ९००. हातात पडणारे पैसे य = ४५००क्ष – ९००. क्ष शून्य असेल तर य उणे ९००, म्हणजे रिकामा टेम्पो नेऊन आणला तरी भाडं द्यावंच लागतं. आता विचारा, नुसतं भाडं निघायला किती सोयाबीन विकावं लागेल? ०.२ क्विंटल, म्हणजे २० किलो. रेघ क्ष-अक्षाला छेदते ती हीच जागा. ‘य = ० ठेवा’ असं पाठ करणाऱ्या लेकराला पहिल्यांदाच कळतं की ते शून्य कशाचं आहे.

उतरत्या रेघेसाठी मी ऊसतोडीच्या उचलीचं, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेल्या पैशांचं, उदाहरण घेते. ६०,००० उचल, रोज ८०० फिटतात असं धरलं तर उरलेली उचल ६०,००० – ८००क्ष, आणि ७५ दिवसांनी फिटली. हे जपून घ्यावं. आपल्याकडे वर्गात अशी लेकरं बसलेली असतात ज्यांच्या घरची ही खरी गोष्ट आहे. कुणालाही “तुमच्या घरी किती उचल?” असं विचारायचं नाही. आकडे आपणच द्यायचे, नाव कुणाचंच घ्यायचं नाही. पण टाळूही नये असं मला वाटतं. दिवाळीनंतर कारखान्यावर गेलेलं लेकरू गुढीपाडव्याच्या सुमारास परत येतं तेव्हा त्याचे मधले धडे बुडालेले असतात. ‘बाजू बदला, चिन्ह बदला’ त्यानं ऐकलेलंच नसतं. पण दर, उचल, फेड हे त्याला वर्गातल्या कुणाहीपेक्षा नेमकं कळतं. अशा एका मुलाला मी तक्ता भरायला फळ्यापाशी बोलावलं होतं. त्यानं तो तोंडी भरला आणि वर विचारलं, “मॅडम, खाडा झाला तं?” खाडा झाला तर त्या दिवशी रेघ आडवी जाईल. मी ती फळ्यावर काढली. उतरत-उतरत मधेच सपाट झालेली ती रेघ सगळ्या वर्गानं एका नजरेत वाचली.

आता बिंदू जोडण्याबद्दल, कारण तुम्ही ‘पट्टीनं जोडतात’ असं लिहिलंय. का जोडायचे, हे लेकरांना माहीतच नसतं. मी मैदानावर फक्कीनं दोन अक्ष मारते, पावलापावलावर खुणा करते. नियम सांगते: य = २क्ष + १. ज्याला वाटतं आपली जागा नियमात बसते त्यानं तिथे उभं राहायचं. कुणी (०, १) वर, कुणी (१, ३), कुणी (२, ५). एकदा एक मुलगी दोन मुलांच्या बरोबर मधे जाऊन उभी राहिली. बाकीचे ओरडले, “तिथं खूण नाही!” ती म्हणाली, “दीडची दुप्पट तीन, अन् एक चार. मग मी चारवर हाय ना?” हळूहळू मधल्या फटी भरत गेल्या आणि लेकरांची एक ओळच तयार झाली. मग मी ओळीबाहेरच्या एकाला विचारलं, तू का नाहीस? त्यानं आपला क्ष आणि य नियमात घालून दाखवलं की बसत नाही. रेघेवरचा प्रत्येक बिंदू ही उकल, आणि रेघेबाहेरचा एकही नाही. पुस्तकातलं हे वाक्य मला त्यानंतर समजावून सांगावं लागलं नाही.

पण प्रत्येक वेळी बिंदू जोडायचेच असंही नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते घरोघर ऐकून माहीत असतं. पहिल्या गाडीला १० वाघिणी (मालगाडीचे टाकीचे डबे) होत्या, एकेकीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे एकूण सुमारे ५ लाख. पुढे ५० वाघिणींची गाडी आली तेव्हा २५ लाख. वाघिणींची संख्या क्ष आणि पाणी य घेतलं तर बिंदू एका सरळ रेषेत येतात, पण साडेतीन वाघिणी नसतात. तिथे बिंदू सुटेच राहू द्यावेत. डब्यात अर्धी बाटली ओतता येते, म्हणून तिथे जोडायचे.

अक्षर कोणतं घ्यावं यावरही दोन शब्द. पुस्तकात इंग्रजी अक्षरं आहेत आणि परीक्षेत तीच लिहायची, त्यामुळे शेवटी त्यावर यावंच लागतं. काही जण सोपं व्हावं म्हणून पेनासाठी ‘पे’, वहीसाठी ‘व’ घेतात. ते करू नका. मग ‘३पे’ म्हणजे ‘तीन पेनं’ असं लेकरू वाचतं, अक्षर वस्तूचं नाव होऊन बसतं. अक्षर नेहमी संख्येसाठी असतं: पेनांची संख्या, पेनाची किंमत. आपल्या जुन्या गणितींनी हे फार सुरेख केलं होतं. भास्कराचार्य बाराव्या शतकात पहिल्या अज्ञाताला ‘यावत्तावत्’ म्हणतात आणि थोडक्यात ‘या’ लिहितात. पुढच्या अज्ञातांना रंगांची नावं, कालक, नीलक, पीतक. यावत् तावत् म्हणजे जितकं तितकं. मला हा शब्द सापडला तेव्हा फार आनंद झाला होता, कारण मराठीत रेषीय नियम आपण याच जोडीनं बोलतो: जितक्या बाटल्या, तितक्या वेळा १.८, आणि वर सुरुवातीचे ४. कोणत्याही शाब्दिक उदाहरणाचं आधी ‘जितकं–तितकं’चं वाक्य करायचं आणि मगच अक्षरं घालायची, अशी मी सवयच लावून टाकली आहे.

शाब्दिक उदाहरणांत एक चूक हमखास होते. ‘वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या तिपटीपेक्षा ४ ने जास्त’ हे वाचून लेकरू वडिलांच्या वयाला तिनानं गुणतं, कारण वाक्यात ‘वडिलांचं’ आधी आलं. यावर उपाय एकच, अक्षर लिहिण्याआधी खरे आकडे घालून बघणं. मुलगा १० वर्षांचा तर वडील? ३४. मुलगा १२चा तर? ४०. दोन ओळींचा तक्ता झाला की कुणाला तिनानं गुणलं ते हातालाच कळतं.

राहिला फलनाचा प्रश्न. हा शब्द आपल्या पुस्तकात आठवी-नववीला येत नाही आणि तो आताच सांगायची घाई मी करत नाही. कल्पना मात्र जरूर देते: एक संख्या दिली की दुसरी नेमकी एकच ठरते. एसटीचं तिकीट घ्या. साध्या गाडीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं. सातव्या किलोमीटरला उतरलं काय आणि बाराव्याला उतरलं काय, टप्पे दोनच. अंतर सांगितलं की भाडं एकच ठरतं, म्हणून हा नियम आहे. पण आलेख पायऱ्यांचा येतो, सरळ रेघ येत नाही. उलट विचारा: दोन टप्प्यांचं तिकीट आहे, तर माणूस नेमका किती किलोमीटर गेला? सांगता येत नाही. एवढं बोलणं या वयाला भरपूर झालं. सरळ रेघ नसलेलं एक तरी उदाहरण दाखवाच, नाहीतर जगातला प्रत्येक नियम सरळच असतो असं लेकरं धरून चालतात.

त्यासाठी माझा आवडता तास म्हणजे विटेचा. त्याच डब्यात, रिकामा करून, तळाशी एक वीट आडवी ठेवते. ती रात्रभर पाण्यात भिजवलेली हवी, नाहीतर तीच पाणी पिते आणि मोजमाप बिघडतं. पहिल्या दोन बाटल्यांना उंची तीन-तीन सेंटिमीटरनं चढते, कारण विटेनं जागा अडवलेली असते. तिसऱ्या बाटलीत वीट बुडते आणि तिथून पुढे पुन्हा १.८. आलेखात रेघ एका जागी मोडते. मी वीट झाकून, नुसता आलेख दुसऱ्या तुकडीला दाखवते आणि विचारते: डब्यात काय आहे सांगा, आणि ते किती उंच आहे तेही सांगा. तुमची लेकरं आलेखावर बोट ठेवून “साडेसात सेंटिमीटरच्या आसपास काहीतरी बुडालंय” असं म्हणाली, की रेघ काय सांगते हे त्यांना वाचता येऊ लागलं असं समजा.

डबा विकत घेऊ नका, शाळेच्या पोषण आहाराच्या खोलीत रिकामा मिळेल. वरचा पत्रा पूर्ण कापून घ्या आणि कडा हातोडीनं आत ठोकून घ्या, नाहीतर पट्टी धरताना लेकरांची बोटं कापतात. पट्टी तळाला टेकल्याशिवाय मोजू देऊ नका, आणि पट्टीचा शून्य कडेपासून थोडा आत असेल तर तेवढी कड आधी कापून टाका.